कोचरेकरांच्या दाराचा कोयंडा

आमच्या समोरच्या दाराला कुलूप लागलेलं मी कधी बघितलं नाही. मुलुंड पूर्वेची ही जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. एक आमचं, एक कोचरेकरांचं. गणपतीला गावी निघताना मी आमचं कुलूप तीन-तीनदा ओढून बघते, तेव्हा समोर नलिनी दारात उभी असते. "सांभाळून जा गं शकु," म्हणते. आम्ही परत येतो तेव्हाही ती तिथेच असते. जणू मधले दहा दिवस कुणी गुंडाळून ठेवले होते.

मी शकु. माझ्या जिभेला हाड नाही असं आमचे हे, राजाराम, चारचौघांत सांगतात. विक्रोळीच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून त्यांना तेवढंच काम उरलंय. तर जिभेला हाड नसलेल्या बाईने सांगितलेली ही नलिनीची गोष्ट. गोड मानून घ्या, नाहीतर घेऊ नका.

कोचरेकरांच्या घरात चार कपाटं आहेत आणि एक पत्र्याची ट्रंक. दीड खोलीची जागा, त्यातली एक खोली ह्यांनीच खाल्लेली. सगळं भाऊसाहेबांचं. भाऊसाहेब कोचरेकर म्हणजे नलिनीच्या नवऱ्याचे पणजोबा, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातले मोठे लेखक. भिंतीवर त्यांचा पगडीतला फोटो आहे. त्यांनी काय काय लिहिलं ते मला विचारू नका. नलिनीने मात्र सगळं वाचलंय. बायकांनी शिकावं, उंबरा ओलांडावा असं त्या काळात लिहिलं म्हणून गावाने ह्यांच्या दारावर शेण मारलं होतं म्हणे.

कपाटांत त्यांची स्वतःची पुस्तकं. पुस्तक छापून आलं की पहिली प्रत बायकोला, आत स्वतःच्या हाताने लिहून, 'सौ. जानकी हीस सप्रेम'. शिवाय त्या वेळच्या मोठमोठ्या लोकांनी सही करून भेट दिलेली पुस्तकं. आणि ट्रंकेत पत्रं. भाऊसाहेब मुंबईत, बायकामुलं वेंगुर्ल्याकडे, त्यामुळे पत्रांना तोटा नाही.

ह्या जानकीबाईंना वाचता येत नव्हतं. सगळ्या जगाच्या बायकांना शिकवायला निघालेल्या माणसाला घरच्या बायकोला शिकवायला सवड झाली नाही. पुस्तक आलं की धाकटा दीर बोट ठेवून दाखवायचा, "वहिनी, हे बघा, इथे तुमचं नाव लिहिलंय." मग ती बिचारी काय करणार? दर दसऱ्याला ते पान उघडून बरोब्बर त्या जागेवर हळदकुंकू वाहायची. पुढे कोचरेकरांत तीच रीत पडली. दसऱ्याला सगळं घराणं जमतं, सह्यांची पानं उघडून पाटावर मांडतात, गंध लावून वर हळदकुंकू. मग एक पत्र मोठ्याने वाचतात. दर वर्षी तेच.

मला ते पत्र पाठ झालंय, आमचं दार उघडं असतं ना! 'सौ. जानकी हीस अनेक आशीर्वाद. उपरी विशेष. माझे ग्रंथ तुझ्या हवाली आहेत. घर सुने टाकून एक दिवसही कोठे जाऊ नये. माहेरचे बोलावणे आले तरी मी येईतोवर धीर धरावा.'

झालं. एका माणसाने एकदा बायकोला लिहिलं आणि चार पिढ्यांच्या सुना घरात बसल्या. ग्रंथ जिथे, तिथे रात्री घरचं माणूस हवंच. मधे एकदा, आम्ही इथे यायच्या आधी, नलिनीच्या नणंदेच्या लग्नाला, दोन दिवस घर बंद ठेवलं होतं. परत येतात तर वरचा पाइप फुटून एक कपाट भिजलेलं, आणि त्याच महिन्यात सासरे गेले. झाली ना पक्की रीत! त्यानंतर दाराला कुलूप नाही. रंगारी यायचे आणि कोयंड्यावरूनच ऑइलपेंट फिरवून जायचे.

नलिनी लग्न होऊन आली तेव्हा टायपिंगच्या दोन परीक्षा पास होती. विक्रोळीला आमच्या ह्यांच्याच कंपनीत तिला नोकरी लागत होती. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "मग घरात कोण?" सासूबाई स्वतः तोवर कंटाळल्या होत्या, त्यांना देवळात, भजनात जायचं होतं. पोरगी हाताशी आली आणि त्या सुटल्या. मला त्यांचा राग यायचा. आता वाटतं, त्यांनी तरी किती दिवस बसायचं?

नंदकुमार, नलिनीचा नवरा, माणूस सज्जन. पण सज्जन असून उपयोग काय, भित्रा होता. "आपल्या हातून व्हायला नको गं," म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला. मुलगी अपूर्वा लग्न होऊन नाशिकला. राहिली एकटी नलिनी. बाजारात, बँकेत जायचं असलं की मी जाऊन बसते तिथे दोन तास. दिवसा शेजारीण चालते, रात्री नाही. असा त्यांचा कायदा.

तुम्ही म्हणाल, दुसरं कुणी नाही? आहे ना. धाकटा दीर राजेश. बोरिवलीला तीन बेडरूमचा फ्लॅट, गाडी, सगळं झकास. भाऊसाहेबांवर कुठे भाषण असलं की हाच जातो, टीव्हीवरही येऊन गेला. "आमच्या घरी आजही त्या सह्या कालच केल्यासारख्या ताज्या आहेत," असं ठोकून दिलं. एकदा मीच म्हटलं, "राजेशभाऊ, दोन कपाटं तुमच्याकडे न्या की." तर म्हणतो, "आमच्याकडे दमट हवा आहे हो ताई. खाडी जवळ." अन् मुलुंड काय राजस्थानात आहे?

तर ह्या पावसाळ्यात अपूर्वा आली, पहिल्या बाळंतपणाला. सातवा सरला होता. तिला सासू नाही, नवऱ्याची कारखान्यात शिफ्ट, त्यामुळे आईशिवाय तिचं होतं कोण? नलिनीने जुनी लुगडी फाडून दुपटी शिवली, डिंक आणला, हळीव आणले. इतकी खूश मी तिला बघितली नव्हती.

पण त्या घरात कपाटांच्या फळीफळीवर डांबराच्या गोळ्या. नाहीतर कसर लागते. आम्हाला त्या वासाची सवय, पोरीला उभं राहवेना. दिवसभर उलट्या, रात्री खोकला. डॉक्टरीण म्हणाली, "हा वास हिला नको आणि बाळाला तर मुळीच नको. एक तर ते हलवा, नाहीतर हिला हलवा." गोळ्या काढून बघितल्या, पण लाकडात इतक्या वर्षांचा वास मुरलेला, जातोय कसला! आठव्या दिवशी जावई येऊन अपूर्वाला परत घेऊन गेला. जिना उतरताना पोरगी म्हणाली, "आई, तू तिकडे येशील ना गं?" नलिनी म्हणाली, "येते ना." आणि मग माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली, मला रडू येत होतं.

"तू जा," मी म्हटलं. "मी झोपते इथे रात्रीची. मेलं कोण बघायला येणार आहे?"

"आणि काही झालं तर?" ती म्हणाली. "पाइप फुटला, वायर जळाली? बाळाच्या वेळेला काही वेडंवाकडं झालं तर मी जन्मभर म्हणेन, घर सोडून आले म्हणून झालं. शकु, मला पटत नाही गं ह्यातलं काही. पण भीती वाटते."

बघा, दाराला कुलूप नव्हतंच. कुलूप हिच्या डोक्यात बसवून ठेवलेलं. मी चहा टाकायला घरी आले.

पण बाई हातपाय गाळून बसली नाही. तिने फोर्टातल्या एका जुन्या ग्रंथालयाला फोन लावला. तिकडून एक मुलगी आली, प्रियंका नावाची, घाटकोपरला राहणारी. हातमोजे घालून पुस्तकं उघडायला लागली. मी चहा घेऊन तिथेच उभी.

पहिलं पुस्तक उघडलं, सहीचं पान लालपिवळं. दुसरं उघडलं, तेच. तिसऱ्याचं तर पान गंधाने कडक होऊन मधोमध भोक पडलेलं. दर दसऱ्याला, एकाच जागी, सव्वाशे वर्षं! 'सौ. जानकी हीस' मधलं 'सौ.' तेवढं एका पुस्तकात वाचता आलं, बाकी सगळं कुंकू. मोठमोठ्या लोकांच्या सह्या तर पार गेलेल्या. घरात कुणाला दिसलं नव्हतं असं नाही. पण देवाच्या टाकावरचे नाकडोळे झिजले म्हणून कुणी ओरडतं का? तसंच ते.

नलिनीचा चेहरा उतरला. "म्हणजे आता तुम्ही नेणार नाही?"

"नेणार ना मावशी," प्रियंका म्हणाली. "पत्रं तर उत्तम आहेत. आणि ही पानंसुद्धा. ज्या बाईला वाचता येत नव्हतं तिने हे केलंय, हे पण ठेवायलाच हवं की." मग हसली. "आमच्याकडे पुस्तकांची पूजा करत नाहीत. माझ्या आजीला सही येत नव्हती, तर आजोबांनी आम्हा पोरांना तिच्यासमोर बसवून मोठ्याने वाचायला लावलं. ती ऐकायची. म्हणजे तुमच्या जानकीबाई आणि माझी आजी, दोघी तशा सारख्याच." 

महिन्याभरात गाडी पाठवते म्हणाली. फक्त दुसऱ्या वारसाची संमती लागेल, राजेशभाऊंची. नलिनीने त्या संध्याकाळी भाऊसाहेबांच्या खोलीत पाळणा कुठे टांगायचा ते छताकडे बघून ठरवलं. मला दाखवलंसुद्धा.

राजेश दुसऱ्याच दिवशी हजर. पानं बघितली आणि खुर्चीत बसला तो बसलाच. मला वाटलं, चला, आता तरी अक्कल येईल. कसली येते!

"वहिनी, हे बाहेर जाता कामा नये," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील? मी टीव्हीवर काय सांगितलंय? ज्यांनी लोकांना वाचायला शिकवलं त्यांच्याच घरच्यांनी कुंकू फासून अक्षरं पुसली म्हणतील. घराण्याचं नाक जाईल."

"भाऊजी, अपूर्वाचे दिवस भरत आलेत."

"तिथे नर्स ठेवू आपण. चांगली ठेवू. पण तुम्ही इथे हव्यात. तुम्ही आहात म्हणून तर हे सगळं आहे." हात जोडले त्याने, वाकून. मेल्याला शिव्या देता आल्या असत्या तर बरं झालं असतं. पाया पडणाऱ्या माणसाला काय बोलायचं?

तो गेल्यावर नलिनी माझ्याकडे आली. बसली नाही, ओट्याला टेकून उभी राहिली. "शकु, मला वाटायचं मी हे सांभाळतेय. आधी पुस्तकं सांभाळत होते. आता काय, ह्या लोकांची लाज सांभाळायची? माझी पोर तिकडे एकटी आणि मी इथे डागांवर पहारा देत बसू?" बोलता बोलता तिने माझ्या ओट्यावरची कोथिंबीर मुठीत धरून पार चुरगाळून टाकली. मग भानावर येऊन तीच निवडायला घेतली.

मी म्हटलं, "तू जा. आजच जा."

"रात्री घरात कोण?" ती म्हणाली. अगदी सासूच्या आवाजात. आणि स्वतःच दचकली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशिकहून फोन आला. अपूर्वाचं प्रेशर वाढलंय, परवा सकाळी ॲडमिट करणार, बहुतेक पोट उघडून बाळ काढावं लागेल. नलिनीने फोन ठेवला, उंबऱ्यात उभी राहिली, एक पाय आत, एक बाहेर. नंतर एक पिशवी भरली. दुपटी, हळीव, डिंक, दोन साड्या. ती आणून माझ्या दाराआड ठेवली. "उद्यापर्यंत राहू दे," म्हणाली. काय करणार ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला न विचारता राहणं किती जड गेलं ते माझं मला माहीत.

दसऱ्याला सगळे कोचरेकर जमले. राजेश, त्याची बायको मानसी, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, दोन आत्या, पोरंबाळं. घर भरून चपला आमच्या दारापर्यंत आल्या. पाटावर पुस्तकं मांडली. राजेश सोवळं नेसून पूजेला बसला. पहिलं पान उघडलं, चिमटीत कुंकू घेतलं आणि हात हवेतच राहिला. त्याला माहीत होतं, नलिनीला माहीत होतं, मला माहीत होतं. बाकीचे बघत बसलेले. आत्या म्हणाली, "वाहा रे, थांबलास कशाला?" कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. वाहिलं त्याने. एकामागून एक, सगळ्या पानांवर.

मग पत्र. 'घर सुने टाकून एक दिवसही कोठे जाऊ नये.' राजेशचा आवाज छान आहे, नाटकातला वाटतो. आत्यांनी डोळे पुसले. 'माहेरचे बोलावणे आले तरी...'

तेवढ्यात नलिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पदराला पुसले. श्रीखंडाचं पातेलं मधोमध ठेवलं, पुऱ्यांचा डबा ठेवला. "सगळं झालंय," म्हणाली. "वाढून घ्या. मी अपूर्वाकडे निघाले. आज तिला माझी गरज आहे."

"वहिनी, आत्ता?" राजेश म्हणाला. "आणि घर?"

"घर सुनं कुठे टाकलंय भाऊजी? तुम्ही सगळे आहात की. घरचीच माणसं." तिने फोटोला नमस्कार केला, पायात चप्पल घातली. "मी रीत मोडत नाही. शेवटी जो निघेल त्याने बघायचं."

मी दारातच होते. पिशवी तिच्या हातात दिली. जिन्यात तिने माझा दंड घट्ट धरला. "शकु, काही होणार नाही ना गं?" मी म्हटलं, "काय व्हायचं ते होऊ दे. तू चल आधी." ह्यांनी स्कूटर काढून तिला हायवेवर नेऊन नाशिकच्या बसमध्ये बसवून दिलं.

आता पुढची मजा ऐका. श्रीखंडपुरी झाली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, शेवटचं कोण? चुलतभावाला एकदम आठवलं की ऑफिसात आयुधपूजा आहे. आत्यांना गुडघे आठवले. "आम्ही निघतो रे, सोनं घ्या सोन्यासारखं राहा," आपट्याची पानं हातात कोंबून एकेक जण जिना उतरायला लागला. दर माणूस आधीच्यापेक्षा भरभर. मी दारात शेंगा सोलत बसले होते, एकालाही सोडलं नाही. "काय, निघालात? घरात कोण?" असं प्रत्येकाला विचारलं. चपला कमी होत होत दोनच जोड राहिले.

मी मनात म्हटलं, बरा सापडलास राजेशभाऊ! आता बस भाषण ठोकत भिंतीपुढे.

साडेसहाला राजेश बाहेर आला. बूट घालता घालता आत बघून म्हणाला, "मानसी, मला दादरला कार्यक्रमाला पोचायचंय, माझं भाषण आहे. तू थांब हं जरा. वहिनी येईपर्यंत." आणि गेला.

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. असं कसं माझ्या लक्षात आलं नाही? मी दिवसभर हसत होते आणि जाळ्यात सापडली ती ही! मानसी बँकेत नोकरीला आहे. नीटनेटकी, अबोल पोरगी, माझ्या मुलीच्या वयाची असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे दूध मागायला आली. नाकाला रुमाल लावलेला, डोळे लाल. "शकुताई, रात्रभर झोप नाही. वास किती आहे हो! वहिनी कशा राहतात?" मी दुधाचं भांडं तिच्या हातात दिलं. "ह्यांना फोन केला. म्हणाले, बँकेत रजा टाक दोन-चार दिवस."

दुपारी नलिनीचा फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. नलिनी रडत होती आणि हसत होती. मग हळूच विचारलं, "घरात कोण आहे गं?" मी म्हटलं, "मानसी." ती म्हणाली, "तिला नाही गं अडकवायचं होतं मला. शकु, तिला माझं नाव सांग. म्हणावं, नलिनीने सांगितलंय, कुलूप लाव आणि जा."

मी उठले. आमचं गावाला जातानाचं पितळी कुलूप काढलं, किल्लीसकट मानसीच्या हातात दिलं, निरोप सांगितला. ती कुलपाकडे बघत राहिली. मग दार ओढून घेतलं, उंबऱ्याजवळची कडी सरकवली आणि कुलूप घालायला गेली. जाईना. कोयंड्याचं भोक ऑइलपेंटने बुजून सपाट झालेलं, किती थर असतील देव जाणे. तिने दोनदा दाबून बघितलं, मग किल्लीने टोकरलं. काही होईना.

"राहू दे आता, उद्या सुताराला बोलावू," मी म्हटलं.

ती आत गेली. मला वाटलं, बसली बिचारी परत. मी घरात येऊन भांडी घासायला घेतली. थोड्या वेळाने बाहेरून करकर आवाज यायला लागला. बघते तर मानसी दाराशी मांडी घालून बसलेली, हातात नलिनीची भाजी चिरायची सुरी, आणि कोयंडा खरवडत होती. हिरवा रंग निघाला, खालून निळा, त्याच्या खालून पिवळा. तिच्या मांडीवर रंगाच्या खपल्या पडत होत्या. आतमध्ये तिचा फोन वाजत होता, तो तिने वाजू दिला.

मी आमची जाड सुरी आणली आणि तिच्या शेजारी बसले.